उलटा शिक्का

आमच्या कंपनीत कुणाला कामावरून काढत नाहीत. सभ्य लोक आहोत आम्ही. ज्याची अडचण होते त्याला इचिनोमियाच्या गोदामात पाठवतात. तिथे तो दिवसभर स्प्रिंगा आणि खिळे मोजतो आणि वर्षभरात आपण होऊन राजीनामा देतो. या मार्चमध्ये नुकागा गेला. हातात कंदील घेऊन काळोख्या घाटातून चालत जाणारी, आमच्या व्हिडिओ गेममधली कोयोरी त्याने काढलेली. सत्तावीस वर्षं त्याने तिच्या गवती चपलेचा पट्टासुद्धा दुसऱ्या कुणाला काढू दिला नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच की एका कागदावर त्याने शिक्का मारला नाही.

तोच कागद माझ्याही टेबलावर आला होता. मी मारला.

कागदात लिहिलं होतं की आमच्या 'कंदील' या खेळाचे पुढचे भाग बंद. कोयोरी, तिचा घाट, तिची गाणी, सगळे आवाज यापुढे पाचिंकोच्या, म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या जुगाराच्या, मशीनमध्ये जातील. जुने मालक वारले आणि बँकेत नोकरी करणारा त्यांचा जावई खुर्चीत बसला, तेव्हापासून असं काहीतरी येणार हे दिसतच होतं. ज्या पोरांनी लहानपणी टीव्हीसमोर मांडी घालून कोयोरीला घाट ओलांडायला लावला, ती आता चाळिशीची झालीत, दमलीत, आणि नागोयात तर चौकाचौकाला पाचिंकोचा हॉल आहे. काचेमागून कोयोरी हसली की ही माणसं आत येतील, असा साधा विचार. विचार बरोबर होता, हेच वाईट.

मी कंपनीत आवाजाचं काम बघते. मला कोयोरीसाठी वाईट वाटलं, पण जीव अडकला होता तो दुसरीकडेच. खेळात घाटावर जागोजागी चहाची झोपडी लागते. कोयोरी तिथे पोचली की झोपडीतली म्हातारी म्हणते, "आलीस व्हय गं?" आणि कंदील विझून खेळ हरलात तरी तीच म्हातारी बोलते. ती म्हातारी म्हणजे माझी आई.

पहिल्या भागाच्या वेळी कंपनीकडे नट्यांना द्यायला पैसे नव्हते. एका दुपारी आई माझा विसरलेला डबा घेऊन आली. मी तिला सामानाच्या खोलीत नेलं, चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या आणि तिच्यासमोर माइक धरला. म्हटलं, "आई, एक पोर हरून आलीय. तिला काय म्हणशील?" आई हिदाच्या डोंगरातली. शहरात तीस वर्षं काढली, पण बोली सुटली नाही. पापणी न लवता म्हणाली, "पुरे झालं आता. घरला चल. जेवान गार व्हतंय." मोबदला म्हणून मालकांनी उइरोच्या मिठाईचा डबा दिला. कागदबिगद काही केला नाही.

ते वाक्य तिच्या तोंडी इतकं तयार कसं, हे मला पुरतं माहीत होतं. बाबा भुयारी रेल्वेचे चालक. कामावर असे शिस्तीचे की घरीसुद्धा गॅसच्या कळीकडे बोट रोखून "बंद!" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय दाराबाहेर पडायचे नाहीत. पण पांढरे हातमोजे उतरले की माणूस थेट पाचिंकोत. आई मला पाठीशी बांधून तिथे जायची आणि मशीनसमोर बसलेल्या बाबांच्या मागे, उजव्या खांद्याशी, उभी राहायची. भांडायची नाही, रडायची नाही. बाबांच्या गोळ्या संपल्या की तेवढं एक वाक्य बोलायची, आणि बाबा उठायचे. तिच्याशिवाय त्यांना कुणी उठवू शकलं नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी शब्द दिला आणि पाळला. तिला जाऊन सहा वर्षं झाली, बाबा ऐंशीचे झाले, पण गेल्या नऊ वर्षांत त्यांनी हॉलची पायरी चढलेली नाही. सकाळी फुकुयोमावशीच्या दुकानात कॉफी, टोस्ट आणि उकडलेलं अंडं, मग नदीकाठी फेरी. फक्त हॉल जवळ आला की अजूनही रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मशीनमधून आई बोलली तर बाबा गेलेच, हे मला तो कागद वाचता वाचताच कळलं होतं.

आता शिक्क्याचं सांगते. आमच्याकडे असा कागद खालून वर फिरतो आणि प्रत्येकजण आपल्या चौकोनात नावाचा लाल शिक्का मारतो. खालच्या माणसाने शिक्का थोडा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो शेजारच्या साहेबाच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. हसू नका, यावरून माणसांच्या बढत्या अडल्या आहेत. आणि आणखी एक जुनी रीत आहे. शिक्का पार उलटा मारला तर त्याचा अर्थ, मला हे पटलेलं नाही, पण मी अडवत नाही. नुकागाने चौकोन कोरा ठेवला. मी उलटा मारला आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते, जशी काही लढाई मारून आले!

एप्रिलमध्ये आमच्या विभागाच्या कुरोइवासाहेबांनी बोलावलं. माणूस अतिशय गोड. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

"हाचियाबाई, तुमचा शिक्का उलटा पडलाय वाटतं."

"पडला नाही साहेब. मारलाय."

"अरे वा! म्हणजे जुनी रीत पाळणारं कुणीतरी अजून शिल्लक आहे म्हणायचं." ते खरंच खूश झाले. "बोला, काय खुपतंय?"

"तीन चित्रं जुळली, गोळ्या धो धो सुटल्या की माझी आई 'आलीस व्हय गं' म्हणणार, असं लिहिलंय तुम्ही. ती जुगारात जिंकणाऱ्यांना ओवाळायला बसलेली नाही."

"खरंय. पण आवाज कंपनीचा आहे, एवढं तर तुम्हालाही मान्य असेल."

"मान्य आहे. मिठाईचा डबा मिळाला होता आम्हाला."

ते हसले. मग पेन्सिल उचलून म्हणाले, "बरं, मग कुठे हवाय? तुम्ही सांगाल तिथे ठेवू."

नाही म्हणायची हीच वेळ होती. 'कुठेच नको' एवढे दोनच शब्द. पण काचेपलीकडे नुकागाचं रिकामं टेबल दिसत होतं, त्यावर कुणीतरी छपाईच्या कागदांची खोकी रचली होती. मी बावन्न वर्षांची. मला स्प्रिंगा मोजायच्या नव्हत्या.

"हरल्यावर ठेवा," मी म्हणाले. "गोळ्या संपल्या की. 'पुरे झालं आता, घरला चल.' निदान चार माणसं उठून घरी तरी जातील."

कुरोइवासाहेबांनी लिहून घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. "छान. फारच छान. नाहीतरी खेळाचा अतिरेक करू नका अशी सूचना द्यावीच लागते, आणि ती मेली कुणी वाचत नाही. आईने सांगितलं तर ऐकतील." आणि चक्क उठून, कमरेत वाकून त्यांनी मला नमस्कार केला. "हे काम मात्र तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला नको."

दगडापेक्षा वीट मऊ, असं मनाला समजावत मी बाहेर आले. त्यांना एवढा आनंद का झाला, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

काम चांगलं करायची खोड वाईट. जुनी फीत काढली, तिच्यातली खरखर एकेक करून उपसली. हॉलमध्ये कानठळ्या बसतात, त्यात म्हातारीचा आवाज बुडून जाणार, म्हणून तो नुसता मोठा न करता सभोवतालचे सगळे आवाज त्या क्षणी बंद करायचे असं ठरवलं. गोळ्या संपल्या की मशीन गप्प होतं, दिवे मंदावतात, आणि मग ती बोलते. पण तरी काहीतरी चुकत होतं. पडद्यातून आलेला आवाज आईचा वाटेना. आठ दिवसांनी लक्षात आलं की आई समोरून कधी बोललीच नव्हती. मग मी खुर्चीच्या पाठीत, उजव्या बाजूला, एक छोटा स्पीकर बसवून घेतला. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी दचकून मागे पाहिलं. त्या दिवशी मी स्वतःला शाबासकी दिली. इतकं खरं वाटलं तर कोण बसून राहील?

जूनमध्ये चाचणीच्या खोलीत चाळीस मशीनं ओळीने लावली. खुर्च्या रिकाम्या, समोर कुणी नाही, मशीनं आपली आपण खेळत होती. एकेकाच्या गोळ्या संपत होत्या. पुरे झालं आता. मागच्या रांगेतून, पुरे झालं आता. दाराजवळून, घरला चल. चाळीस ठिकाणांहून माझी आई बोलत होती आणि जागचं कुणी हलत नव्हतं. आकडे टिपून घेणारी मुलगी म्हणाली, "ताई, हा आवाज ऐकला ना, की मला आणखी एकदा खेळावंसं वाटतं. का कोण जाणे." मी तिला म्हटलं, "तू लहान आहेस अजून." दुसरं काय म्हणणार?

बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर जातील, नाही सांगितलं तर त्यांना कळणारच नाही, असा माझा हिशेब. सप्टेंबरात मशीन हॉलमध्ये लागलं. ऑक्टोबरात फुकुयोमावशीचा फोन आला.

"मित्सुए, बाबांना बरं नाही का गं? अकरा दिवस झाले, टोस्ट खायला आले नाहीत."

"संध्याकाळी फोन उचलतात की. ठणठणीत आहेत."

"रागावू नकोस. आमचे हे बोलून बसले त्यांच्याजवळ. म्हणाले, 'क्योजो, अरे तुझी तोमि बोलते त्या नव्या मशीनमध्ये! खोटं वाटत असेल तर ऐकून ये.' जीभ हासडली पाहिजे मेल्याची."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि सकाळी साडेदहाला हॉलवर गेले. दार उघडताच आवाजाची लाट अंगावर आली. लोखंडी गोळ्यांचा खडखडाट, कोयोरीचं गाणं, सिगारेटचा जुना वास. तिसऱ्या रांगेत बाबा दिसले. गुळगुळीत दाढी, तेल लावून चापून बसवलेले केस, लग्नासमारंभात घालायचा कोट. रेल्वेच्या केबिनमध्ये बसावं तसे ताठ बसले होते. पायाशी गोळ्यांच्या पाच पेट्या भरल्या होत्या.

"बाबा."

"हळू बोल." त्यांनी मान वळवली नाही.

"उठा बाबा. घरी जाऊ."

"अगं, जिंकतोय!" गाडी चुकावी तसे ते वैतागले होते. "दार उघडल्यापासून नुसता जिंकतोय. काय कटकट आहे!"

शेजारचा माणूस वाकून म्हणाला, "आजोबा, नशीब काढलंत आज! जरा आमच्याकडेही वळवा."

"घ्या हो, सगळं घ्या," बाबा म्हणाले, आणि खरंच त्यांनी एक पेटी पायाने त्याच्याकडे सरकवली. मग मला म्हणाले, "जिंकलं ना, की ती तोंड उघडत नाही. हरल्याशिवाय शब्द नाही. आधीपासून तशीच आहे ती. थांब जरा, हरतोच आता."

कुरोइवासाहेब का वाकले होते ते तेव्हा कळलं. माणसं हरल्यावर उठतील असं मला वाटलं होतं. साहेबांना ठाऊक होतं की हरणाऱ्याशी मायेने बोललं की तो तिथेच बसतो.

"आवाज कसला बसवलायस गं!" बाबा काचेकडे बघत म्हणाले. "इथे, खांद्याशी. अगदी तिथेच. तुझ्या हाताला तोड नाही." बावन्न वर्षांत बाबांनी माझ्या कामाबद्दल चांगला शब्द काढला तो हा पहिला.

त्यांना कसं उठवायचं? हाताला धरून ओढलं तर ऐंशीच्या म्हाताऱ्याचा चारचौघांत तमाशा. मी रडले असते तर त्यांनी रुमाल काढून दिला असता. या माणसाला उठवणारं एकच वाक्य जगात होतं, आणि ते मी नीट धुऊनपुसून मशीनच्या हवाली केलं होतं. आता मी ते म्हटलं तर तो फक्त एक बेसूर आवाज.

मी तिथेच उभी राहिले. गोळ्या हळूहळू कमी होऊ लागल्या. एक पेटी संपली, दुसरी संपली. मध्येच दोन चित्रं जुळली, तिसरं फिरत राहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, नको." मला त्यांनी हरायला हवं होतं. खरं सांगते, मलाही ती ऐकायची होती.

शेवटची गोळी खिळ्यांवर आपटत खाली गेली आणि नाहीशी झाली. मशीन गप्प झालं, दिवे मंदावले. "पुरे झालं आता," आई म्हणाली. "घरला चल. जेवान गार व्हतंय."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ते लगबगीने वळले, उजव्या खांद्यावरून, मागे. मागे मी उभी होते. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं, आणि मी कोण ते ओळखल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग ते पुन्हा मशीनकडे वळले आणि खिशातून नवी नोट काढून सरळ करू लागले.