कडेच्या चार ओळी

"एकतीस आठ," तुकोजी म्हणाले.

"परत घ्या ना काका."

पिस्तुलासारखं दिसणारं ते थर्मामीटर तुकोजींनी पुन्हा गव्हाच्या पानांवर रोखलं आणि खटका दाबला. "एकतीस सात. कितीही वेळा घे बेटा, त्याला माझा काय लिहाज आहे?"

प्रांजलीचं पेन वहीवर थांबलं. एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचा दीड. ग्वाल्हेरबाहेरच्या गहू संशोधन केंद्राच्या शेतात त्या वेळी फक्त ही दोघंच उभी होती. चाळीस देशी गहू, कठिया, पिस्सी आणि ज्यांना गावच्या नावापलीकडे नावच नाही असे, या वर्षी मुद्दाम महिनाभर उशिरा पेरले होते. म्हणजे दाणा भरायच्या वेळेला उन्हाची झळ त्यांच्या डोक्यावर येणार. जो गहू तेव्हाही माठासारखा पाणी पाझरवत पान थंड ठेवतो, त्याचा दाणा भरतो, बाकीच्यांचा सुरकुततो. म्हणून भर दुपारी पानांचं तापमान मोजायचं. प्रत्येक गहू तीन गटांत तीनदा पेरलेला, म्हणजे तिन्हीकडचे आकडे साधारण जुळले पाहिजेत.

"आणि ते जुळतच नाहीत," प्रांजली म्हणाली. "हाच गहू दुसऱ्या गटात तेहतीस सहा, तिसऱ्यात तेहतीस चार. पहिल्या गटातले कडेचे पाच प्लॉट तेवढे दोन-दोन डिग्री थंड. मशीन मी कल चेक करवून आणलं. मशीन ठीक आहे."

"मग मी ठीक नाही," तुकोजी हसत म्हणाले.

ती हसली नाही. काल केंद्राचे प्रमुख डॉक्टर विक्रमसिंह यांच्या खोलीत जे झालं, ते तिच्यासमोरच झालं होतं. आकड्यांचा कागद बघून साहेब खुर्चीत मागे रेलले होते. "तुकोजी बाबू का आख़िरी साल है. धूप में कौन खड़ा रहे? सुबह ठंडे-ठंडे में ले लिया होगा." साहेब गमतीत म्हणाले, तुकोजीही हसले. पण मग साहेबांनी पुढचं सांगितलं. तिन्ही गटांचे आकडे एकाच माणसाने घेतलेले. पहिल्यावर भरोसा नाही तर बाकीच्यांवर कसा? अहवालात 'निष्कर्ष नाही' असं लिहायचं, आणि पुढच्या वर्षी या जुन्या गव्हांना यादीतून काढायचं. प्रांजली दोन वर्षं बुंदेलखंडात बसने फिरली होती, लोकांच्या ओसरीवर बसून मूठमूठ बी मागून आणत होती. ते सगळं एका ओळीत मिटणार होतं.

तुकोजी शितोळे या महिन्याच्या तीस तारखेला निवृत्त होणार होते. मॅट्रिकनंतर रोजंदारीवर लागलेला माणूस, एक्केचाळीस वर्षांत प्रक्षेत्र सहायकापर्यंत पोचला. पदवी नव्हती. तुकोजीने मोजलं म्हणजे मोजलं, एवढीच त्यांची पदवी.

"पुन्हा दुसऱ्या गटात चला," प्रांजली म्हणाली.

तुकोजी निघाले. पाच प्लॉट ओलांडून पुढे येताच त्यांच्या खांद्यावरच्या गमछ्याचं टोक फडफडून तोंडावर आलं. त्यांनी ते खोचलं. दोन पावलं गेले आणि थबकले. मागे वळून पहिल्या प्लॉटपाशी आले. गमछा गप्प. पुन्हा पुढे गेले. पश्चिमेची लू, ती उन्हाळी गरम हवा, सपकन कानशिलावर बसली.

पहिल्या गटाच्या पश्चिमेला, अगदी कडेला, छातीपर्यंत उंच गव्हाच्या चार ओळी उभ्या होत्या. पाच मीटर लांब, दाट.

"काय झालं काका?"

"काही नाही," तुकोजी म्हणाले. एक्केचाळीस वर्षांत त्या शेतात कधी खोटं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

प्रत्येक प्रयोगाच्या कडेला काही ओळी जास्तीच्या पेरतात. त्यांना कोणी मोजत नाही, त्यांचं नाव कुठल्या वहीत नसतं. कडेला काय पेरायचं हे तुकोजींवर सोडलेलं असे, आणि तुकोजी तिथे दर वर्षी आईचा गहू पेरत.

आईचा गहू म्हणजे भितरवारकडच्या त्यांच्या शेतातला. पूर्वजांना शिपाईगिरीबद्दल मिळालेली जमीन वाटण्या होत होत दोन तुकड्यांवर आली होती. लहानपणी त्या गव्हात शिरलं की बाहेरून फक्त ओंब्या हललेल्या दिसत आणि आई बांधावरून ओरडे, "तुक्या, बाहेर ये, लोळवशील सगळा." चैत्रात गरम वारं सुटलं की शेजारच्यांचे गहू आठ दिवसांत वाळून जात, आईचा आणखी आठ दिवस हिरवा राही. लोक विचारत, बाईंनी याला काय घातलंय. आई म्हणे, "काही नाही, त्याला सवय आहे." त्याची पोळी सकाळी केलेली संध्याकाळीही चुरगळून मुठीत धरता येई. पुढे चुलत्यांनी जमीन विकली, आई गेली आणि तुकोजींच्या वाट्याला पायलीभर बी आलं.

आजवर ते उत्तरेच्या कडेला पेरत. गेल्या पावसाळ्यात घरच्या डब्याला कीड लागली, मूठ-दोन मूठच बी वाचलं. एवढं तरी चांगल्या मातीत पडावं म्हणून या वर्षी त्यांनी पश्चिमेची कड निवडली. लू पश्चिमेकडून येते, हे शेतातल्या कोणालाही ठाऊक असलेलं त्यांना तेव्हा सुचलंच नाही.

फूलबागेपाशी टेंपो बदलून ते कंपू मोहल्ल्यातल्या घरी पोचले. थोरली बहीण कुसुमताई डाळ निवडत बसली होती. नवरा गेल्यापासून ती तुकोजींकडेच होती.

"चहा झाकून ठेवलाय. कालसारखा तसाच ठेवायचा असेल तर आधीच सांग, मी पिते," ती म्हणाली.

"अक्का, आईचा गहू कापावा लागेल."

"पिकला इतक्यात?"

"नाही. दाण्यात अजून दूध आहे."

कुसुमताईचा हात ताटात थांबला. तुकोजींनी सगळं सांगितलं. चार ओळींनी लू अडवली, म्हणून पाच प्लॉट थंड राहिले. ओळी काढल्या आणि आकडे जुळले, तरच साहेबांना पटेल.

"डब्यात काही उरलंय का?"

"एक दाणा नाही. आहे ते तेवढंच."

"मग बोलूच नकोस. तीस तारखेला घरी बसशील, फिर काहे की रीडिंग? पिकू दे, आण घरी. साहेब हसला तर हसू दे. तुला नाहीतरी कोण राजा करणार होतं."

"आणि त्या पोरीचे चाळीस गहू?"

कुसुमताई डाळीतून बोटं फिरवत राहिली. एक खडा काढून बाजूला ठेवला, मग दुसरा.

"तेही कोणाच्या तरी आयांचेच असतील," ती चिडून म्हणाली. "चहा पी."

सकाळी तुकोजी आधी साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सांगून टाकलं. विक्रमसिंहांनी ऐकून घेतलं. "पहले बता देते, तुकोजी बाबू."

"पहले पता नहीं था, साहब. कल हवा से पता चला."

"बिना लिस्ट का बीज?"

"जी. मेरा है."

"डेढ़ बजे मैं ख़ुद आऊँगा," साहेब म्हणाले.

शेतात प्रांजलीने कडेच्या ओळींवर थर्मामीटर रोखलं. सकाळचे अकरा, पण ऊन चढलं होतं. तिने आकडा बघितला, शेजारच्या तीन-चार प्लॉटांवर मोजलं आणि परत येऊन पुन्हा त्या ओळींवर.

"काका, पूरे खेत में सबसे ठंडा हाच आहे."

"हो का," तुकोजी म्हणाले. विळा त्यांच्या हातात होता.

"पंधरा दिवस थांबू या? साहेबांशी मी बोलते. दाणा तरी पक्का होईल."

"पंधरा दिवसांनी तुझी पानं वाळतील. मग काय मोजशील, काड्या?"

तुकोजी खाली बसले, तेव्हा ती घाईने म्हणाली, "अगदी जमिनीलगत कापा. कांडं पूर्ण राहू द्या. उंच गहू साखर कांड्यात साठवून ठेवतो. कापल्यावरही दाणा थोडे दिवस ती ओढून घेतो. सावलीत उलटं टांगा."

"उगवेल?"

"काही दाणे उगवतील. शायद."

तुकोजींनी मान हलवली आणि पहिली मूठ धरली. घाई केली नाही. चार ओळी संपायला अर्धा तास लागला. सगळं मिळून दोन हातांच्या कवेत मावेल एवढी पेंढी झाली. ती त्यांनी गव्हाच्याच काड्यांनी बांधली आणि प्रांजलीने अवजारांच्या खोलीत, खिडकीपासून दूर, खुंटीला टांगली.

दीड वाजता विक्रमसिंह छत्री घेऊन बांधावर आले. पेन प्रांजलीच्या हातात. तुकोजींनी आधी दुसऱ्या गटात आणि तिसऱ्या गटात मोजून आकडे सांगितले, मग पहिल्या प्लॉटपाशी आले. आता तिथे त्यांच्या आणि क्षितिजाच्या मध्ये काही नव्हतं. लू सरळ अंगावर आली.

"तेहतीस पाच," ते म्हणाले.

प्रांजलीने लिहिलं. वही साहेबांपुढे धरली. विक्रमसिंहांनी तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

"ठीक है," ते म्हणाले. वही परत देत म्हणाले, "रिपोर्ट में तुकोजी बाबू का नाम लिखना." आणि छत्री सावरत परत निघाले.

"काका, पुढचा," प्रांजली हळूच म्हणाली.

तुकोजी जागेवरच होते. पहिल्या प्लॉटची पानं वाऱ्यावर सळसळत होती आणि दोन्ही कडांनी हळूहळू आत वळून सुरळीसारखी होत होती. उन्हात आतलं पाणी राखायला गहू पान असंच मिटून घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या गटातली पानं पंधरा दिवसांपासून रोज दुपारी हे करत होती. या पाच प्लॉटांवर आज पहिल्यांदा ती वेळ आली होती. तुकोजींनी वाकून एक पान दोन बोटांत धरलं, उलगडून पाहिलं आणि सोडून दिलं. ते पुन्हा मिटलं. मग ते दुसऱ्या प्लॉटकडे सरकले.