नानांनी बसवलेलं दार

शिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे जगाला ठाऊक. चोर येत नाही म्हणतात. येईल कशाला? आत शिरला की आधी चहा, मग चार म्हातारे सल्ला द्यायला बसतात. बिचारा स्वतःचंच पाकीट टाकून पळायचा.

अश्विनी तशीच सापडली होती. डॉक्टर होऊन, पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा पास होऊन सुट्टीला आली. कुठली शाखा घ्यायची ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोबाईलवर पक्कं करायचं. एकदा केलं की बदल नाही. तिला भुलीची डॉक्टर व्हायचं होतं. पण घरात सांगायला तोंड उघडलं की पडदा सारून कुणीतरी आत.

गोरक्षमामा आला, विम्याचा एजंट. त्याला बघून म्हशीसुद्धा दूध चोरायच्या. "डॉक्टरीणबाई, पगार सुरू व्हायच्या आत पॉलिसी घिऊन टाका."

मनकर्णाआत्या म्हणाली, "त्यापरीस हॉस्पिटलवाला नवराच बघ. भिंती आयत्या!"

पुण्याची सीनियर निवेदिता मात्र फोनवर बजावायची, "शिकत असताना सिमेंटला हात लावू नकोस. कर्जाच्या भिंती उभ्या केल्यास, की सुट्टीसुद्धा भिंतींना विचारून घ्यावी लागते."

इथं सिमेंट कधीच ओतून झालं होतं. कारभारीनाना, तिचे चुलते. बापामागं तिला त्यांनीच वाढवलं, भाविकांना तेल आन् रुईच्या माळा विकून शिकवलं. त्याच पैशात भर घालून रस्त्याकडेला हॉस्पिटल बांधलं. बोर्डही लागला: 'डॉ. अश्विनी, स्त्रीरोगतज्ज्ञ'. पोरगी बाळंतपणं करणार, हे त्यांनी ती बारावीत असतानाच ठरवलं होतं.

बुधवारी नानांनी तिला हॉस्पिटल दाखवलं. बाळंतपणाच्या खोलीला नुसती चौकट, त्यावर फुलाफुलांचा पडदा.

"नाना, दार कुठंय?"

"शनिदेव राखतोय की!"

"देव राखेल हो, पण आत्या डोकावतील त्याचं काय? आणि दाराशिवाय परवानगीच मिळत नाही."

नानांचं तोंड एवढंसं झालं. अश्विनीला वाटलं, सुटले. ज्या माणसानं न्हाणीलासुद्धा कडी लावली नाही, तो इथं कुठलं दार लावतोय?

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी अनवाणी शनिदेवाच्या चौथऱ्यावर गेले, डबाभर तेल वाहिलं. दुपारी राहुरीहून टेम्पोतून सागवानी दार आलं.

"देवाला सांगून आलोय," नाना म्हणाले. "पोरीसाठी येवढं एक दार लावतो. कोप करायचा तर माझ्यावर कर."

जिथून सुटायचं म्हणून तिनं बोट दाखवलं, तिथंच नानांनी दार बसवलं.

शुक्रवारी दार बघायला ही जत्रा लोटली. नानांनी अश्विनीला आत घेतलं, दार ओढलं आणि नांगर दाबावा तशी कडी दाबली. "बघ! लागली का न्हाई?"

लागली ती लागलीच. नानांनी ओढली, ठोकली, लाथ घातली. हलेना.

बाहेरून सूर्यभान सुतार ओरडला, "नाना, जरा उचलून सरकवा!"

"उचलून म्हंजी कुनीकडं रे? जलम पडद्यात गेला माझा!"

बाहेर गोरक्षमामा एक सांगे, आत्या दुसरंच. सगळं गाव सल्ला देत होतं, पण आज सल्ल्याला आत यायला वाट नव्हती. झरोक्यातलं ऊन भिंतीवर चढत चाललं. अश्विनीच्या घामेजल्या मुठीत मोबाईल होता.

"नाना, आज संध्याकाळच्या आत मोबाईलवर शाखा पक्की करायचीय. मला बाळंतपणाची डॉक्टर नाही व्हायचं."

नानांचा हात कडीवरच राहिला. "मंग?"

"भुलीची."

"मानसं झोपवनारी?"

"आणि परत उठवणारी."

"तिचं हॉस्पिटल कसलं असतं?"

"नसतंच. बॅग घ्यायची, बोलावतील तिथं जायचं. राहुरी, नेवासा, कुठंही."

"आन् बोर्ड?"

"तोही नसतो, नाना."

नाना प्लास्टिक न काढलेल्या नव्या टेबलावर बसले. प्लास्टिक चरचरलं. "आदी का न्हाई बोललीस गं?"

"कधी बोलू? ह्या घरात आपण दोघंच कधी होतो?"

नाना शेजारच्या भिंतीकडं वळले. नव्या रंगावरून त्यांनी एकदा तळवा फिरवला.

तेवढ्यात सूर्यभाननं हातोडा आपटला. "नाना, बाजूला व्हा! कडी तोडतो!"

अश्विनीनं मोबाईलवर शाखा पक्की करायचं बटण समोर आणलं. दार उघडलं की हे सगळे आत येणार, आणि मग तिचं बोट काही त्या बटणापर्यंत जायचं नाही.

नाना उठले. दाराला पाठ लावून खाली बसले, तिच्याकडं न बघता.

"थांब रे, सूर्यभान!" ते ओरडले. "न्हाई तोडायची. पोरीचं काम व्हायचंय अजून."