फुकटच्या ऑफिसचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. बॅटरीची एकच काडी उरली की माझा जीव खालीवर होतो. कोणत्या कारखान्यात माझे भाग जोडले ते आठवत नाही. मोताळ्याच्या बाजारातून बेबीताईंनी मला घरी आणले, तो दिवस मात्र पक्का आठवतो. तेव्हा माझे कोण कौतुक! बेबीताई मला पदराने पुसायच्या. सगळ्या गल्लीचे निरोप माझ्यावरच यायचे. पुढे घरात मोठ्या काचेचे मोबाइल आले आणि माझी रवानगी फडताळात, हळदीच्या डब्यामागे झाली. माहेरच्यांचे फोन येतात म्हणून बेबीताई माझे रिचार्ज तेवढे चुकवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, समताने, घराच्या ओसरीत ऑफिस उघडले. गावोगावच्या मुलींचे वसतिगृहाचे अर्ज भरून द्यायचे ऑफिस. टेबल शिलाई मशीनचे आणि बाकी सगळे इंटरनेटवरचे, फुकट! फुकटचा ईमेल, नावांचा फुकटचा तक्ता, कागदपत्रे ठेवायला फुकटची जागा. खाते उघडताना नंबर मागितला, तेव्हा तिचे सिम बंद पडले होते, म्हणून तिने माझा दिला. अख्ख्या ऑफिसची किल्ली अशी माझ्या गळ्यात पडली आणि सगळे ते विसरूनही गेले. मी कसा विसरणार? दोन वर्षे मी धास्तीतच काढली.

परवा अर्जांचा शेवटचा दिवस होता. पाचपर्यंतच मुदत, आणि अकरा मुलींचे कागद जोडायचे राहिलेले. मोताळ्यात सकाळपासून लाइन नाही, वीजच गेलेली. समता तडक बुलढाण्याला गेली आणि मैत्रीण रेणुकाच्या कॉम्प्युटरवर बसली. अनोळखी कॉम्प्युटर पाहून खाते बिचकले. म्हणे, आधी दिलेल्या नंबरवर आलेला आकडा सांगा!

तीन वाजता मी फडताळात टुणकन वाजलो. एकच काडी होती हो! पाठोपाठ समताचा फोन.

"माय, आता मेसेज आला न? त्यातला आकडा सांग बरं."

"कोणाले?"

"मले! समता बोलून राह्यली मी."

बेबीताई सावध झाल्या. बचतगटाच्या बैठकीत बजावले होते की ओटीपी सख्ख्या माणसालाही द्यायचा नाही. आणि त्यांनी एकदा ऐकले की पदराला गाठच.

"मले काय माहीत तू कोण? आजकाल पोरीचा आवाजबी काढतात म्हणते."

"अवं माय, पाचले बंद होते सगळं! अकरा पोरी राह्यल्या! त्याईचं वर्ष जाईन!"

"चोरबी घाईच करते."

घ्या! मला रडावे की हसावे कळेना. भांडणात पहिल्या आकड्याची मुदत संपली, दुसरा आला. माझी काडी लुकलुकायला लागली.

"मंग सांग, लहानपणी तुह्या नाकात काय अडकलं होतं?"

"माय, रेणुका ऐकून राह्यली न..."

"सांगतं का फोन ठेवू?"

"हरभरा! डाव्या नाकपुडीत! तपकीर हुंगवून तूच काढला!"

"हाव, हे माहीच पोरगी," बेबीताई म्हणाल्या आणि मेसेज वाचायला त्यांनी फोन कापला. मग चष्मा सापडेना. मित्रांनो, तो चष्मा सापडेपर्यंत मी कसा तग धरला ते माझे मला ठाऊक! पुन्हा फोन आला. त्यांनी एकेक आकडा ठासून सांगितला. सहावा आकडा 'सात' होता. तो म्हणून झाला आणि मी बंद पडलो. तो तिकडे पोचला की नाही, हेही मला कळले नाही.

संध्याकाळी लाइन आली, मला चार्जिंगला लावले, तेव्हा समता घरी आली होती. पाचला चार मिनिटे कमी असताना अकरावा अर्ज गेला होता. ती आईच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसले आणि खात्यातून माझा नंबर काढायला बसली. त्यासाठीही एक शेवटचा आकडा माझ्यावरच आला. या वेळी बेबीताईंनी काही विचारले नाही, लगेच वाचून दाखवला.

तिचे बरोबरच आहे. माझा भरवसा किती दिवस धरायचा? तरी वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. मित्रांनो, तुमच्या खात्याचा आकडा कोणाकडे जातो ते आजच पाहा. तो माझ्यासारखा कोणी म्हातारा निघाला, तर आधी त्याला चार्जिंगला लावा, मग निरोप द्या.