आया नदीपल्याड

कॉफीच्या भांड्याचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठं स्वयंपाकघरात जीव आला. त्याआधी देओलिंदामामीनं मला विचारलं होतं, "पोरीला सांगितलंस?" आणि मी टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं गोळा करत बसले होते.

सांगितलं नव्हतं. माझ्या बेनेदिताला वाटत होतं, आम्ही मामाच्या शेतावर रानघोडी बघायला आलोय, चार दिवस राहू नि घरी जाऊ. दुपारच्या बसनं मी एकटीच निघणार होते. लक्झेंबर्गला एका हॉटेलात खोल्या साफ करायचं काम मिळालं होतं. तिचा बाप गेल्यापासून आमचं दोघींचंच घर; तिकडं जागा मिळेपर्यंत पोर मामा-मामीकडे राहायची होती.

"सांगूच नकोस," होनोरियुमामा म्हणाला. "जेवून झोपली की नीघ. घोड्यांचं आपण काय करतो? पिल्लांना निरोप घ्यायला लावतो का?"

"आला मोठा शहाणा!" मामी कॉफी ओतता ओतता म्हणाली. "पलटणीत जाताना स्वतः आईचा झगा धरून रडत होता. सगळं स्टेशन बघत होतं."

"डोळ्यात धूळ गेली होती."

"हो, अजून निघायचीय ती!"

मी हसले. पण मामाचंच खरं वाटत होतं. सोपंही तेच होतं.

त्या दिवशी पिल्लं आयांपासून तोडायची होती. ही रानघोडी राखाडी, उंदराच्या रंगाची. पाठीवरून काळी रेघ, पायांवर पट्टे. जगात फार थोडी उरलीत, म्हणून मामा त्यांना जपतो, पण हात लावून घेत नाहीत ती. पिल्लांचं अंगावरचं दूध तोडायची वेळ आली की आमच्याकडे पिल्लांना हलवत नाहीत. ती ओळखीच्या कुरणातच राहतात. आयांना हाकलून नदीपल्याड नेतात. आणि पिल्लांपाशी ठेवतात एक म्हातारी घोडी, गळ्यात घंटा बांधलेली. तिला सगळे धर्ममाय म्हणतात.

बेनेदिता दगडी भिंतीवर बसली होती. मी मागून तिची कंबर धरली होती. तिच्या केसांना मामीच्या चुलीच्या धुराचा वास येत होता.

फाटक उघडलं. बाहेर ठेवलेल्या जवाच्या वासानं आया धक्काबुक्की करत बाहेर पडल्या. फाटक लागलं. मामानं घोड्यावरून आरोळी दिली आणि कळप बुचाच्या झाडांतून नदीकडे उतरला. एक घोडी मध्येच थांबली, वळली. मामानं काठी आडवी धरली तशी तीही गेली.

मग पिल्लांना कळलं. ती बारीक आवाजात ओरडायला लागली. एक पिल्लू फाटकाशी धावायचं, छाती आपटायचं, मागे फिरून पुन्हा धावायचं. म्हातारी त्याच्याजवळ गेली. काही केलं नाही तिनं, नुसती आडवी उभी राहिली. घंटा वाजत राहिली.

मामा घाम पुसत परत आला, तेव्हाही बेनेदिता भिंतीवरच होती.

"आजोबा, ह्या पिल्लाला सांगितलं नव्हतं कुणी?"

"घोड्याला सांगून कळतं होय, राणी?"

"मला कळतं," ती म्हणाली.

तिला काय कळलं होतं, कुणास ठाऊक. सकाळी दाराआडून ऐकलं असेल, किंवा मी तिच्या लोकरी कपड्यांचीही पिशवी भरली ते पाहिलं असेल. किंवा काहीच नाही, सहज बोलली असेल. मामानं माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि उगीच घोड्याचा पट्टा सैल करायला निघून गेला.

मी तिला मांडीवर घेतलं नि सांगितलं. बस, विमान, हॉटेल, सगळं. रविवारी फोन करीन म्हणाले. जागा मिळाली की न्यायला येईन. मामी तुला अंजिराची मिठाई शिकवणार आहे, हेही सांगून टाकलं. सांगण्यासारखं संपत आलं होतं म्हणून. ती रडली नाही. माझ्या स्वेटरचं बटण लावत होती, काढत होती. पलीकडे ते पिल्लू आता म्हातारीच्या पोटाला टेकून उभं होतं.

तिनं त्या पिल्लाकडे पाहिलं. मग नदीकडे मान वळवून म्हणाली,

"आणि तिकडं आयांपाशी कोण असतं?"