टाकी भरून परत

तात्यारावांनी उभ्या आयुष्यात कुणाची गाडी रिकाम्या टाकीने परत केली नव्हती. मेव्हण्याची स्कूटर असो की शेजाऱ्यांची व्हॅन, नेली की परत देताना टाकी काठोकाठ. हा त्यांचा बाणा होता, आणि तो चारचौघांना ऐकवायला त्यांना मुळीच संकोच वाटत नसे. स्वारगेटच्या बस-वर्कशॉपात एकतीस वर्षं काढून हेडमेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी रस्त्यावर कुठल्याही इंजिनाचा आवाज बिघडला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची आणि तोंडातून निदान बाहेर पडायचं. कुणी विचारलेलं नसायचं, हा भाग वेगळा.

त्यांची मुलगी दीपाली रोपांचा धंदा करायची. गच्चीवरच्या बागा, सोसायट्यांची झाडं, शाळांची आवारं. दोन हजार बावीसच्या पावसाळ्यानंतर काम वाढलं, तेव्हा तिने एक जुनी पिकअप घेतली. पेट्रोलवर चालणारी, टर्बो बसवलेली. इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा तो पंखा गाडीला ताकद देतो खरा, पण ओल्या मातीच्या चारशे कुंड्या लादून बोपदेव घाट चढायचा म्हटलं की गाडी धापा टाकायची. म्हणून दीपालीने ती हडपसरला धम्मदीपकडे नेली.

धम्मदीप म्हणजे तात्यारावांचाच जुना उमेदवार. आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आला होता. आता चाळिशीला टेकला होता, गाडीतळामागे त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं, आणि तो गाड्या पान्याने कमी आणि लॅपटॉपने जास्त दुरुस्त करायचा. त्याने दीपालीला नीट समजावलं. "ताई, दोन तऱ्हेचं सेटिंग करता येईल. एक साध्या पेट्रोलचं. त्यात ताकद बेताची वाढेल, पण काहीही भरलंत तरी चालेल. दुसरं पंच्याण्णव ऑक्टेनचं. त्यात घाट हसत चढेल, पण मग साध्याचा एक थेंबही नको. टर्बोच्या दाबाखाली साधं पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच भडकतं आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखं बसतं."

दीपालीने दुसरं निवडलं. धम्मदीपने टाकीच्या झाकणाआत स्वतःच्या अक्षरात एक स्टिकर लावला: फक्त ९५. आणि इंजिनाची प्रत्येक हालचाल टिपणारी काड्यापेटीएवढी डबी स्टेअरिंगखाली बसवून दिली.

"ऑक्टेन-बिक्टेन सगळी थेरं आहेत," तात्याराव घरी म्हणाले. "पेट्रोलला रंग लावून महाग विकतात झालं. आम्ही एकतीस वर्षं इंजिनं उघडली, कधी कुणी ऑक्टेन विचारलं नाही."

"बाबा, तुमच्या बस डिझेलवर चालायच्या," दीपाली म्हणाली. "डिझेलला ऑक्टेन नसतंच. पिकअप न्याल तेव्हा पंच्याण्णवच भरा. एवढं लक्षात ठेवा."

"ठेवतो," तात्याराव म्हणाले. ते शब्द त्यांना पुढे फार छळणार होते.

रविवारी दीपालीची सुट्टी असे. त्या दिवशी तात्याराव पिकअप घेऊन प्रेमलाबाईंना मार्केट यार्डात भाजीला नेत, तिथून हडपसरला मेव्हणीकडे, आणि संध्याकाळी येताना पंपावर टाकी फुल्ल. पहिल्याच रविवारी झाकण उघडल्यावर त्यांना तो स्टिकर दिसला. ज्याला पाना धरायला शिकवला, त्याने आपल्याला लेखी सूचना द्यावी! त्यांनी नखाने तो स्टिकर खरवडून काढला, त्याची गोळी केली आणि पंपावरच्या माणसाला रुबाबात सांगितलं, "साधं टाका. फुल्ल."

काही बिघडलं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तात्यारावांना मनातून फार बरं वाटत होतं.

सहाव्या रविवारनंतरच्या सोमवारी, बोपदेव घाटाच्या तिसऱ्या वळणावर, पिकअपचं इंजिन खडखडलं, मागून निळा धूर आला आणि गाडी बसली. सासवडच्या एका शाळेत त्या दिवशी मुलांच्या हस्ते झाडं लावायची होती. दीपाली उन्हात तीन तास दुसऱ्या टेम्पोची वाट बघत उभी राहिली. रोपं पोहोचली तेव्हा मुलं घरी गेली होती. पुढच्या कामासाठी फोन करतो म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांनी पुन्हा फोन केला नाही.

बुधवारी धम्मदीपने इंजिन उघडलं. तात्याराव लेकीबरोबर गेले, आणि नुसते गेले नाहीत, तर तयारीने गेले. तिथे मार्केट यार्डात माल वाहणारे बजरंग पवार आपली गाडी दाखवायला आले होते, आणखीही चार-पाच जण होते. टेबलावर तिसरा पिस्टन ठेवला होता. त्याची कड उडाली होती, बशीची उडते तशी.

"बघा!" तात्यारावांनी पिस्टन उचलून सगळ्यांना दाखवला. "लॅपटॉपवर बोटं फिरवून इंजिन कळत नसतं. कंपनीने शहाणी माणसं पोसलेली असतात, ती मूर्ख आहेत आणि हा शहाणा. बजरंगराव, गाडी द्यायची तर विचार करून द्या."

"दादा, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता," दीपाली धम्मदीपला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तो ऐकवत नव्हता. "शाळेत मी काय तोंड दाखवू?"

"काढ ती तुझी डबी," तात्याराव गरजले. "वाच सगळ्यांसमोर."

धम्मदीपने डबी लॅपटॉपला जोडली. पडद्यावर दिवसांच्या रांगा उमटल्या. तो बराच वेळ बघत राहिला, मग उठून गाडीकडे गेला, टाकीचं झाकण उघडलं आणि आत जिथे स्टिकर होता तिथल्या चिकट डागावरून त्याने बोट फिरवलं. परत येऊन त्याने विचारलं, "ताई, पेट्रोल कोण भरतं?"

"बुधवारी मी भरते. पंच्याण्णवच. पावत्या आहेत."

"आणि रविवारी?"

"रविवारी बाबा. पण त्यांना मी सांगितलंय." दीपालीने वडिलांकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिची खात्री होती. "माझे बाबा सांगितलेलं मोडत नाहीत. त्यांचं नाव मध्ये आणू नका."

तात्यारावांच्या हातात पिस्टन तसाच होता. पडद्यावरच्या रांगा त्यांना वाचता येत नव्हत्या, पण एवढं दिसत होतं की प्रत्येक रविवार संध्याकाळपासून लाल ठिपके सुरू होत होते आणि बुधवारी थांबत होते. पाच वेळा. सहाव्यांदा रांग सोमवारीच संपली होती. बोलायची वेळ हीच होती. एक वाक्य पुरलं असतं. पण लेक त्यांच्या वतीने इतक्या ताठ मानेने बोलली होती, की ते वाक्य त्यांना बोलवेना. धम्मदीपची आणि त्यांची नजरानजर झाली. त्याला सगळं कळलं होतं.

त्याने लॅपटॉप मिटला. "चूक माझी आहे, ताई. सेटिंग जरा जास्तच ताणलं होतं. इंजिन मी बांधून देतो."

बजरंगरावांनी आपली चावी उचलली आणि "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ते निघून गेले. तात्यारावांनी पिस्टन टेबलावर ठेवला. त्यांच्या पंजाला काजळी लागली होती, ती त्यांनी पँटला पुसली.

घरी आल्यावर त्यांनी चहा मागितला नाही, बातम्या लावल्या नाहीत. दोन दिवस ते गॅलरीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, प्रेमलाबाई गवार निवडता निवडता म्हणाल्या, "यार्डात बातमी पोहोचलीय. धम्मदीपकडे इंजिनं फुटतात म्हणे. दोघांनी गाड्या परत नेल्या."

तात्यारावांनी एक शेंग उचलून मोडली.

"अहो, दर रविवारी मी शेजारच्याच सीटवर बसलेली असते," त्या म्हणाल्या. "पंपावरचा माणूस विचारतो, साधं की पंच्याण्णव. तुम्ही काय सांगता ते मला पाठ आहे. मी काही दीपालीला सांगणार नाही. पण मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल."

तात्यारावांना लाज वाटली. इतकी, की बायकोकडे बघणंही त्यांना जड गेलं. चूक झाल्याची लाज एकवेळ सोसता येते. पण त्या पोराने त्यांची चूक आपल्या डोक्यावर घेतली होती आणि त्यांनी ती घेऊ दिली होती. त्यांनी शर्ट चढवला आणि हडपसरची बस पकडली.

इथे वर्कशॉपातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तात्यारावांच्या खात्यात भिंतीवर एक काळा फळा होता. ज्याच्या हातून काही मोडेल त्याने खडूने स्वतः लिहायचं: काय मोडलं, कसं मोडलं, खाली नाव. पाळी संपेपर्यंत ते सगळ्यांनी वाचायचं. संध्याकाळी मोठ्या माणसाने फळा पुसायचा, आणि पुसला की विषय संपला, पुन्हा टोमणा मारायचा नाही. हा नियम तात्यारावांनीच घातला होता. कोवळ्या धम्मदीपने एकदा चुकीचा बोल्ट पिळून गिअरबॉक्सचं झाकण तडकवलं, तेव्हा तो फळ्याखाली दिवसभर रडवेला होऊन काम करत होता. संध्याकाळी तात्यारावांनी फळा पुसला आणि नेहमीसारखंच म्हणाले, "झालं. उद्या वेळेवर ये." त्यांनी स्वतः मात्र त्या फळ्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. हेडमेकॅनिकच्या हातून काही मोडतं, असं तिथे कुणी म्हणालंच नव्हतं.

धम्मदीपच्या वर्कशॉपात शिरताच तात्याराव थबकले. बुधवारच्या गडबडीत त्यांनी ही भिंत पाहिलीच नव्हती. तिच्यावर काळा फळा होता आणि फळ्यावर लिहिलं होतं: दीपालीताईंची पिकअप. तिसरा पिस्टन. सेटिंग चुकलं. धम्मदीप.

"जय भीम, काका," धम्मदीप पिकअपच्या बॉनेटखालून बाहेर येत म्हणाला.

"जय भीम. हे बुधवारपासून आहे?"

"हो."

"अजून पुसलं का नाहीस?"

"मोठ्या माणसाने पुसायचं ना?" धम्मदीप साधेपणाने म्हणाला. "इथे माझ्यापेक्षा मोठं कुणी नाही."

तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याने ते वाचलं होतं. तात्यारावांनी फळ्याकडे पाहतच विचारलं, "तू बोलला का नाहीस रे त्या दिवशी?"

"ताई तसं म्हणाल्यावर कसं बोलणार, काका? तुमचं तोंड बघवत नव्हतं."

तात्यारावांनी खिशातून रुमाल काढला, फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला आणि खडू उचलला. अक्षर मोठं आलं: दीपालीची पिकअप. तिसरा पिस्टन. सांगूनही सहा वेळा साधं पेट्रोल भरलं. स्टिकर खरवडला. बुधवारी खोटं ऐकत गप्प बसलो. तात्याराव, हेडमेकॅनिक.

मग त्यांनी दोन फोन केले. बजरंगराव तासाभरात आले, त्यांनी फळा मोठ्याने वाचला. अस्सल पुणेरी माणूस, तो काय सोडतो! "काका, अक्षर छान आहे तुमचं. वापरायला जरा उशीर केलात." मग त्यांनी फळ्याचा फोटो काढला आणि यार्डातल्या ग्रुपवर टाकला. तात्याराव स्टुलावर मान खाली घालून बसले होते. ते नको म्हणाले नाहीत.

दुपारी दीपाली आली. तिने फळा एकदा वाचला, पुन्हा वाचला. "स्टिकरसुद्धा तुम्हीच?" तिने विचारलं.

"मीच."

"मी बोलत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"होतो."

ती धम्मदीपकडे वळली. "दादा, मी तुम्हाला नको ते बोलले. माफ करा." धम्मदीप "असू द्या, ताई" म्हणाला. तिने हेल्मेट चढवलं, स्कूटर सुरू केली. दर वेळी ती मागच्या सीटवर थाप मारून वडिलांना "बसा" म्हणायची. आज म्हणाली नाही. स्कूटर गाडीतळाच्या गर्दीत दिसेनाशी झाली, तरी तात्याराव तिकडेच बघत राहिले.

मग ते परत येऊन फळ्याखालच्या स्टुलावर बसले. गिऱ्हाइकं आली, वाचून गेली. कुणी हसलं, कुणी यांच्याकडे बघून नजर वळवली. धम्मदीपने दोनदा चहा दिला. "घरी जा" असं तो एकदाही म्हणाला नाही, कारण नियम त्याला ठाऊक होता.

सहा वाजता त्याने हात धुतले, डस्टर घेतलं आणि फळ्यासमोर येऊन क्षणभर घुटमळला. "मी पुसू?"

"तूच पूस," तात्याराव म्हणाले. "या कामात तू मोठा आहेस."

धम्मदीपने फळा स्वच्छ पुसला. खडूची भुकटी तात्यारावांच्या खांद्यावर पडली. ती झटकावी की नाही या विचारात त्याचा हात अर्धवट थांबला, मग त्याने ती अलगद झटकली.

"झालं, काका," तो म्हणाला. "नवा पिस्टन उद्या येतोय. उद्या वेळेवर या."

तात्यारावांना वर बघवेना. एखाद्या नव्या उमेदवारासारखं, त्यांनी विचारलं, "किती वाजता?"