कौसल्याने निवडलेला अ‍ॅक्सल

जरा खाली वाकून बघा मित्रांनो, म्हणजे मी दिसेन. नागपूरजवळ हुडकेश्वरला एका घरामागे, सीताफळाच्या झाडाखाली, पोटाशी फुगलेलं जे लांबट गंजकं लोखंड पडलं आहे, तो मी. एका जुन्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल. गल्लीतली पोरं मला 'दांडा' म्हणतात. दांडा म्हणे! अहो, गाडीचं पुढचं सगळं ओझं मी पेललं, इंजिनाचं बळ पुढच्या चाकांपर्यंत मी पोचवलं. पण लोक गाडीचा रंग बघतात, भोंगा वाजवून बघतात, गाडीखाली कुणी वाकत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, ते सांगून टाकतो आणि पुढे जातो.

साठ सालानंतर केव्हातरी एका तापत्या भट्टीतून मी जन्माला आलो. उमेदीची वर्षं लष्कराच्या एका गाडीखाली गेली. बर्फ पाहिला, वाळू पाहिली. पुढे ती गाडी लिलावात निघाली, तिचे भाग सुटे झाले आणि मी नागपुरात ताराचंद कबाड्याच्या आवारात येऊन पडलो. शेजारी मोडक्या सायकली, डोक्यावर ऊन. कित्येक पावसाळे मला कुणी हात लावला नाही.

मग एका सकाळी तिघं जण आले. बळीराम हा भिवापूरजवळच्या खेड्यातला, स्वतःची जीप स्वतःच चालवणारा. त्याची बायको कौसल्या, डावा पाय जरा ओढत चालणारी. आणि नत्थूजी मिस्त्री, ज्यांचं गॅरेज नागपूरच्या महाल भागात होतं. त्यांच्या बोलण्यातून मला सगळी हकीकत कळली.

भिवापूरला मिरचीचे सातरे असतात. सातरा म्हणजे मोकळं मैदान, जिथे मिरची वाळवतात आणि बाया बसून तिचे देठ खुडतात. कौसल्या गावातल्या बायांची मुकादम होती. बळीराम रोज सकाळी सगळ्यांना जीपमध्ये घालून सातऱ्यावर नेत असे. वाटेत एक नाला लागायचा आणि तिथली काळी माती एकदा ओली झाली की चाक सोडत नसे. बळीरामला कुठून तरी ट्रकची मोठाली टायरं मिळाली. ती त्याने हौसेने चढवली आणि मिशीवरून हात फिरवत गावभर हिंडला. मोठं चाक जड असतं, मित्रांनो. चिखलात अडकलं की सांध्याला दुप्पट पीळ देतं. पण खालचा अ‍ॅक्सल त्याने तोच जुना, बारीक ठेवला. कौसल्या म्हणाली होती, "एकदा नत्थूजींले दाखवून घ्या." त्याने ऐकलं नाही. अवकाळी पाऊस झाला, आणि नाल्याच्या चढावर उजव्या चाकाचा सांधा तुटला. चाक आडवं झालं, जीप कलंडली, कौसल्याचा पाय खाली आला.

तेव्हापासून ती जीपमध्ये बसली नव्हती. आणि आज मात्र हट्टाने नवा अ‍ॅक्सल बघायला आली होती.

बळीरामची नजर सगळ्यात आधी गेली एका अवजड धुडावर. "हा घेऊ. हत्तीले बी तुटनार नाही."

नत्थूजी हसले. "हत्तीलेच लाव मंग. याचं पोट पाहून घे गा बळीराम. बैलबंडीच्या चाकोरीत मधला उंचवटा असते, त्याच्यावर घासत जाईन हा. वरतून जीपचं नाक जड होईन, काळ्या मातीत खुपसून बसशील."

दुसरा होता लालभडक, ताज्या रंगाचा. दिसायला नवरदेव! तिसरा मी, धुळीने माखलेला. नत्थूजींनी आम्हा दोघांच्या पोटातले गिअरचे दाते हाताने फिरवून तपासले. "मागच्या अ‍ॅक्सलशी हे जुळले पाहिजे," ते म्हणाले, "नाही तर चारही चाकायले इंजिनाचा जोर लावला की पुढचे एका चालीनं धावतीन, मागचे दुसऱ्या, अन् त्यायच्या भांडणात कोणीतरी मोडन." दाते दोघांचेही जुळत होते. बळीरामने लाल्याच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबा जी," कौसल्या म्हणाली. तिने नत्थूजींना सांगून आमची दोन्ही टोकं विटांवर उचलून ठेववली, एक गोटा घेतला आणि कुंभाराकडे मडकं वाजवून बघतात तशी आम्हाला वाजवत सुटली. मी खणखणीत बोललो. लाल्या बद्द वाजला. नत्थूजींनी नखाने त्याचा रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगचा सांधा निघाला.

"अरे, वो तो ऐसाही आया था," ताराचंद म्हणाला आणि पान थुंकायला गेला.

अशी माझी निवड झाली. खरं सांगतो, लष्करातल्या साहेबांनी पाठ थोपटली असती तरी मी इतका फुललो नसतो.

महालात नत्थूजींनी मला धुतलं, ग्रीस भरलं, स्प्रिंगच्या पाट्यांना घट्ट आवळलं. शेवटी लिंबू-मिरची बांधायला निघाले, तेव्हा बळीराम म्हणाला, "आमच्या घरी हे चालत नाही भाऊ. अन् मिरची म्हणशील तं सातऱ्यावर ढिगानं पडली आहे." दोघंही हसले. कौसल्या तेवढ्यात बसने गावाला निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बळीरामने पहाटेच चौकात जीप उभी केली आणि भोंगा वाजवला. बाया जमल्या, पण चढेनात. सगळ्या कौसल्याकडे बघत होत्या. कौसल्याने डबा उचलला आणि पाय ओढत वाटेला लागली. तिच्यामागे सगळ्या निघाल्या. मग काय, पुढे बाया पायी आणि मागे आम्ही रिकामे! इतका ताकदवान मी, आणि माझ्यावर वारा बसलेला. शरमेने मेलो.

बळीरामने रुखमाबाईला विचारलं. ती बायांमध्ये सगळ्यात वडील. ती म्हणाली, "ते तुह्या घरची बाई आहे बाबा. तेच बसत नाही, तं आम्ही काहून बसावं?"

असं बरेच दिवस चाललं. बाया दमून, उशिरा पोचायच्या. सातऱ्याचे मालक महादेवराव एक दिवस स्पष्ट बोलले, "उद्यापासून वेळेवर आल्या नाहीत, तं मी भिवापुरातल्याच बाया लावतो." म्हणजे सगळ्यांचंच काम जाणार होतं.

त्या संध्याकाळी परतताना बळीरामने नाल्याच्या अलीकडे बायांना गाठलं आणि जीप थांबवली. "कौसल्या, अवं लोखंड तं तूच निवडलं ना? मंग आता भरोसा काहून नाही?"

"लोखंडावर भरोसा आहे मले," कौसल्या म्हणाली.

एवढं म्हणून तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. आजवर बळीरामने त्या अपघाताचा दोष नाल्यातल्या धोंड्याला दिला होता, पावसाला दिला होता, जुन्या अ‍ॅक्सलला तर शिव्याच घातल्या होत्या. तो खाली उतरला. बराच वेळ त्याने माझ्याकडेच पाहिलं, जणू मी काही सुचवणार होतो. मग मान वर करून, चारचौघींच्या देखत म्हणाला, "धोंड्याचं काही नव्हतं वं. तू सांगत होती, मी ऐकलं नाही. मिजास माही होती, पाय तुहा गेला. माही चूक झाली."

कौसल्याने पदराने डोळे पुसले आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. मागे बाया भराभर चढल्या. माझे पाटे वाकले, अंगभर ओझं उतरलं. काय सुख असतं त्या ओझ्यात, कसं सांगू! नाल्याच्या काठावर बळीरामने ब्रेक दाबला आणि तिच्याकडे बघून विचारलं, "जाऊ का?"

"चला. हळू," ती म्हणाली.

मी त्या चिखलातून सगळ्यांना सुखरूप पार नेलं. पुढे पुष्कळ वर्षं नेत राहिलो. मग जीप थकली, विकली गेली. मोडीत जाण्याऐवजी मी मात्र नत्थूजींच्या या घरामागे आलो. आता मला गंज चढतो आहे. मित्रांनो, तुमच्या दाराशी गाडी असेल, तर कधी तिच्याखाली वाका, थोडं ग्रीस भरा. चाकं मोठी करायची हौस जरूर करा, पण आधी भार कुणावर पडणार आहे ते बघा. आणि तुमच्या भरवशावर जो शेजारी बसतो, त्याचं ऐका.

मी जीपखाली होतो तेव्हाच त्या नाल्यावर पक्का पूल झाला. चिखल नाही, चढ नाही, विचारायची काही गरजच उरली नाही. तरी बळीराम पुलाच्या तोंडाशी जीप थांबवायचा, "जाऊ का?" म्हणायचा, आणि कौसल्या "चला" म्हणेपर्यंत माझी चाकं जागची हलत नसत.