काकांचं कण्हणं

चिमटा जखमेपासून चांगला वीतभर लांब होता, तोच काका कण्हले.

सिस्टरचा हात थांबला. ड्रेसिंगच्या खोलीत तिची बावीस वर्षं गेली होती. खरं कण्हणं कोणतं आणि सोंग कोणतं, हे तिला पाठमोरी असतानाही कळे. पण जन्मभर लेथ मशीनवर उभा राहिलेला हा अबोल माणूस सोंगाड्यांतला नव्हता.

महिन्यापूर्वी काकांचे पाय गार पडले म्हणून काकूंनी मायेनं गरम पाण्याची पिशवी पायांशी ठेवली. साखरेचा आजार केसानं गळा कापणारा. पायांची जाणीव त्यानं कधीच पळवली होती आणि दोघांना पत्ताही नव्हता. पाय भाजत राहिला, काका पेपर वाचत राहिले. अंगठ्यावरचा फोड दिसला तो काकूंनाच, आणि तेव्हापासून त्यांचं मन त्यांना खात होतं. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा बघवेना, तेव्हा सिस्टर धीर द्यायला म्हणून बोलून गेली होती, दुखायला लागलं की पाय सुधारला समजा. ती बोलून विसरली. काका विसरले नव्हते.

आता तिला स्वतःच्या जिभेचा राग आला. आज डॉक्टर अंगठा ठेवायचा की काढायचा ते ठरवणार होते. केसपेपरवर खरं तेच जायला हवं होतं.

"काका, डोळे मिटा. लागलं की सांगा."

तिनं अंगठ्याच्या कडेला चिमट्याचं टोक टेकवलं. काका गप्प. जरा दाबलं, तरी गप्प. मग तिनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला. त्याचा आवाज झाला आणि काका कळवळले, "आई गं."

शेजारी स्टुलावर बसलेल्या काकूंनी सगळं पाहिलं. सिस्टरनं मान खाली घालून कागदावर लिहिलं, जाणीव नाही.

डॉक्टर आले. कागद वाचला, जखम वाकून पाहिली. साखर आटोक्यात होती, तळाशी लालसर नवं मांस धरत होतं. अंगठा काढायची गरज नाही म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

काकांनी डोळे उघडले.

"बघ. दुखतंय म्हणत होतो की नाही मी?"

काकूंनी सिस्टरकडे एकदा पाहिलं. सिस्टर पट्टी कापण्यात गढली होती.

"म्हणत होतात," काकू म्हणाल्या. "मला कळत होतं."

दुसरा, धडका पाय धुवायला दवाखान्यातल्या मावशींनी कोमट पाणी आणून ठेवलं. सिस्टर पुढे होणार, तोच काकूंनी बांगड्या मागे सारल्या आणि पाण्यात आपलं कोपर बुडवलं. लागतो त्याहून बराच वेळ त्यांनी ते तसंच धरलं. मग नवऱ्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून हळूच पाण्यात ठेवला.